उन्हाळ्यात भीमगड-दांडेलीच्या रानात नोंदी घेताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगड अभयारण्यातून किंवा दांडेलीहून परतलेल्या माणसाच्या फोनमध्ये फोटो शेकड्यांनी असतात, पण नोंद म्हणून उपयोगी पडतील असे हातावर मोजण्याइतकेच. चूक बहुतेक वेळा प्राणी ओळखण्यात नसते. ती तारखेत असते, जागेत असते, नाहीतर ‘हे मला कसं कळलं’ एवढं एक वाक्य न लिहिण्यात असते. दहा वर्षांनी एखाद्या अनोळखी माणसाला तुमची नोंद तपासता आली पाहिजे, आणि चूक वाटली तर खोडताही आली पाहिजे. बाकीचं सगळं त्यानंतर.

फोटोची वेळ आणि जागा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. भीमगडच्या वाटेवरचं जांबोटी सोडलं की पुढे नेटवर्क येतं-जातं. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण पहिल्यांदा जागा पकडायला त्याला वेळ लागतो. तोवर काही फोन जुनीच जागा धरून बसतात, आणि आमगावात काढलेला फोटो नकाशावर जांबोटीच्या बाजारात दिसतो. यावर उपाय सोपा आहे. ऑफलाइन नकाशा घरीच उतरवून ठेवा, लोकेशन चालू करा आणि दाट झाडीत शिरण्याआधी मोकळ्या जागेत दोन-तीन मिनिटं थांबा. निळा ठिपका स्थिर झाला की मगच चालायला लागा.

कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर ते रानात दुरुस्त करत बसू नका. सकाळी फोनच्या पडद्यावरच्या घड्याळाचा एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवा. किती मिनिटांचा फरक आहे ते घरी कळतं आणि दिवसभराच्या वेळा सुधारता येतात.

व्हॉट्सअ‍ॅपची गंमत वेगळीच. मित्राने तिथून फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातली वेळ आणि जागा गळून पडते. फाइलच्या नावात तारीख दिसते खरी, पण फोटो कधी काढला ते त्यावरून ठरत नाही. गुढीपाडव्याला दिसलेला पक्षी त्यामुळे अक्षय्य तृतीयेला नोंदला जातो. फोटो मागवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

चोर्ला घाटात आणखी एक अडचण आहे. तिथे कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र एकमेकांना भिडतात, आणि नकाशावरची टाचणी जरा सरकली की पक्षी दुसऱ्या राज्यात जातो. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याच्या संकेतस्थळावर, यादी करत असाल तर हद्द ओलांडताना जुनी यादी बंद करून नवी सुरू करा. गेलात त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकदाच मोजायचं, हेही बरेच जण विसरतात.

कोरडं रान, ओलं रान

बेळगाव शहराच्या पूर्वेला कोरडं माळरान आणि पश्चिमेला तासा-दीड तासावर कणकुंबीचं सदाहरित रान. या उतारावर एकमेकांसारखे दिसणारे किंवा बोलणारे पक्षी शेजारी-शेजारी राहतात आणि इथला अनुभवी माणूसही गडबडतो.

‘कुटुर्र कुटुर्र’ ऐकलं म्हणून एकच नाव लिहून मोकळं होऊ नका. शहरातल्या वडा-पिंपळावर बहुधा तपकिरी डोक्याचा तांबट असतो, डोळ्याभोवती पिवळी कातडी असलेला. घाटात पांढऱ्या गालाचा. मधल्या पट्ट्यात दोन्ही मिळू शकतात, म्हणून नुसत्या आवाजावर नाव लिहिलं असेल तर तसं नमूद करा. राखी धनेशाचंही तसंच. आपल्या शहरी झाडांवर येणाऱ्याच्या चोचीवर छोटं शिंग असतं. घाटातल्या मलबारी राखी धनेशाला ते नसतं, आणि त्याचा आवाज कुणीतरी खदाखदा हसल्यासारखा येतो.

आवाज ओळखणाऱ्या अ‍ॅपवर आंधळा विश्वास ठेवणं ही अलीकडची साथ आहे. मर्लिन चांगलं आहे, पण पक्ष्यांचा पॅक घरीच उतरवून घ्यावा लागतो, आणि भांगराज कोतवाल त्याला फसवतो. हा पट्ठ्या सर्पगरुडापासून इतर लहान-मोठ्या पक्ष्यांपर्यंत अनेकांच्या नकला करतो. हरेवाही त्यात कमी नाही. एकाच झाडावरून पाच मिनिटांत पाच जातींचे आवाज आले तर यादी लांबवण्याआधी मान वर करून भांगराजाच्या शेपटीची दोन लांब पिसं शोधा. अ‍ॅपने सुचवलेलं नाव म्हणजे नोंद नव्हे. ती कुठे बघायचं याची सूचना आहे.

स्वतः रेकॉर्डिंग करणार असाल तर सूर्य वर यायच्या आत उरका. एप्रिलच्या मध्यावर बेळगावला सव्वासहाच्या सुमारास उजाडतं. ऊन तापलं की सिकाडा किडे सुरू होतात आणि त्यांच्या कर्कश आवाजाखाली बारीक शीळ पार बुडते. फोन मुठीत घट्ट धरू नका, बोटांची खसखस पक्ष्याहून मोठी येते. रेकॉर्डिंग संपल्यावर क्षणभर थांबून जागा, वेळ आणि पक्षी दिसला की नुसता ऐकू आला, हे बोलून ठेवा.

पाणवठ्यावरची मोजणी

उन्हाळ्यात गवे, सांबर, भेकर पाण्याजवळ दिसतात म्हणून ‘इथे गवे भरपूर’ असा निष्कर्ष काढतात. ते भरपूर नसतात, एका जागी जमलेले असतात. सकाळचा कळप संध्याकाळी पुन्हा आला की आकडा दुप्पट करणं हा नेहमीचा घोळ. माद्या, वासरं, मोठा नर, फाटका कान असं काही टिपलंत तरच कळप वेगळा होता की तोच, हे सांगता येतं. भोरड्यांच्या, म्हणजे गुलाबी मैनांच्या, थव्यात दहा पक्षी नीट मोजून तेवढ्या जागेच्या हिशेबाने अंदाज करा. आणि यादीतून कावळे-साळुंक्या वगळून ईबर्डच्या ‘पूर्ण यादी’वर (म्हणजे ओळखू आले ते सगळे पक्षी नोंदले, यावर) टिक करू नका. असल्या याद्यांमुळेच नेहमीचे पक्षी खरंच कमी झाले का, हे कळेनासं होतं.

ठसे आणि विष्ठेच्या फोटोत दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवा, त्याचा व्यास 27 मिलिमीटर आहे. करवंद-जांभळाच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली की लोक थेट ‘अस्वल’ लिहितात, पण उदमांजरही तीच फळं खातं. आकाराचा पुरावा नसेल तर दोन्ही शक्यता लिहा. ओल्या वाळूवर बसलेल्या फुलपाखरांचं सोपं आहे: पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू टिपा.

घरटं सापडलं तर

उन्हाळ्याच्या तोंडावर धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फळं भरवतो. चोचीत फळ घेऊन नर त्याच झाडाकडे परत परत जाताना दिसला की घरटं आहे समजा, लांबून ‘नर अन्न घेऊन जाताना’ एवढं लिहा आणि निघा. झाडाखाली घुटमळलात तर तो यायचा थांबतो, आणि आत मादी-पिल्लं उपाशी राहतात. आवाज वाजवून पक्षी बोलावणं या दिवसांत तर पूर्ण बंद. रील टाकताना झाडाची खूण पटेल असा रस्ता किंवा पाटी दाखवू नका.

भीमगडच्या बारापेडे गुहांचं तर विशेषच. तिथल्या रॉटनच्या वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन 1913 साली झालं, आणि पुढे कित्येक दशकं जगात त्याचा हा एकच ठाव माहीत होता. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. ‘एक फोटो काढून येतो’ म्हणून गुहेत टॉर्च घेऊन शिरणं कुठल्याही नोंदीच्या मोलाचं नाही. शिवाय अभयारण्यात जाण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. ती आधी काढा, ऐनवेळी चेकपोस्टवर हुज्जत नको.

नोंदीवर प्रश्न आला तर

ईबर्डवर कुणीतरी ‘ही जात इथे, या तारखेला?’ असं विचारतं आणि आपल्याकडचे निम्मे लोक चिडतात. मे महिन्यात भोरड्या लिहिल्या तर प्रश्न येणारच, कारण त्या बहुतेक एप्रिलमध्येच निघून गेलेल्या असतात. फोटो असेल तर लावा, नसेल तर रंग, आकार, वागणूक, अंतर असं दिसलं तसं लिहा. पुस्तकातलं वर्णन उतरवू नका, तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. खात्री डळमळली तर नोंद पुसायचीही गरज नाही. नाव मागे घेऊन ‘धनेश, जात अनिश्चित’ असा बदल करता येतो, आणि तारीख, जागा, संख्या शाबूत राहतात.