देश घडवणाऱ्यांची पुस्तकं कशी वाचावीत

भाची म्हणाली, "मावशी, आंबेडकर-नेहरू नीट वाचायचेत." तिला घेऊन ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले; संस्था १८९३ पासूनची.

सुरुवात धनंजय कीरांच्या आंबेडकर चरित्राने करा. जाडजूड आहे, म्हणून रोज वीसच पानं, आणि हाताशी वही: डावीकडे तारीख, उजवीकडे कोण काय म्हणालं. मग बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण मोठ्याने वाचा. राजकारणातल्या भक्तीबद्दलच्या इशाऱ्यापाशी भाची थांबली, बोट ठेवून तेवढाच परिच्छेद पुन्हा वाचला. मला फार बरं वाटलं.

नेहरूंचं 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यानंतर. ते अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलंय, हे ध्यानात ठेवा. दोघांची मतं जिथे जुळत नाहीत, तिथे वहीत खूण करा.