पॅरिशमधल्या शेतांत फील्डवॉकिंग कसं करावं

इंग्लंडच्या ग्रामीण पॅरिशमध्ये, म्हणजे गावपातळीच्या प्रशासकीय भागात, नांगरट झाली की शेतात जुनी खापरं, कौलांचे तुकडे, चकमकीच्या दगडाच्या छिलक्या वर येतात. शेतात ओळीने चालत अशा वस्तू गोळा करून नोंदवणं म्हणजे फील्डवॉकिंग. त्या उचलायला कोणीही उचलेल. पण नेमक्या जागेची नोंद नसेल तर रोमन काळातलं देखणं खापरही अभ्यासाच्या कामाचं राहत नाही. म्हणून या कामात पिशवीइतकीच वही महत्त्वाची.

सुरुवात नकाशांपासून करा. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्डमध्ये (पुरातत्त्वाच्या नोंदसंग्रहात) पॅरिशमधल्या आधीच्या सगळ्या नोंदी मिळतात. कुठलं स्थळ ‘शेड्यूल्ड मॉन्युमेंट’ (कायद्याने संरक्षित स्मारक) आहे ते नॅशनल हेरिटेज लिस्टवर पाहा आणि अशी जागा आपल्या आखणीतून वगळा. तिथे हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या लेखी परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे. मग १८३६च्या कायद्यानंतर तयार झालेले टाइद (चर्चला द्यायच्या दशांश कराचे) नकाशे काढा. त्यांच्या जोडपत्रात शेताशेताचं नाव असतं. ‘ब्लॅकलँड्स’सारखं नाव दिसलं तर खूण करून ठेवा, कारण जुन्या वस्तीची माती बऱ्याचदा काळसर असते. एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा १ मीटरचा लायडार डेटा (विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे चढउतार) फुकट आहे. कुरणात डोळ्यांना न दिसणारे बांध, खंदक आणि मध्ययुगीन नांगरटीचे उलट्या ‘एस’सारखे वळणारे लांब वरंबे त्यात उठून दिसतात.

परवानगी लेखीच घ्या, मालकाची आणि शेत कुळाकडे असेल तर त्याचीही. सार्वजनिक पायवाट शेतातून जात असली तरी तिच्यावरून उतरून वस्तू गोळा करण्याचा हक्क मिळत नाही. सापडलेल्या वस्तू कोणाकडे राहतील हेही त्याच कागदावर लिहून घ्या. खजिन्याच्या कायद्यात न बसणारी वस्तू सहसा जमीनमालकाची असते.

योग्य काळ म्हणजे साधारण शरद ऋतूपासून वसंताच्या सुरुवातीपर्यंतचा. नांगरट आणि कुळवणी होऊन ढेकळं पावसाने फुटलेली हवीत, पीक उगवलेलं नको. ताज्या नांगरटीत जाण्याची घाई सगळ्यात नडते. तुकड्यांवर माती लिंपलेली असते, शेत रिकामं वाटतं आणि ‘इथे काही नाही’ अशी चुकीची नोंद कायमची राहते.

शेतात २० मीटर अंतरावर समांतर रेषा आखा, आणि प्रत्येक रेषेचे २० मीटरचे टप्पे पाडून टोकांना बांबूच्या काठ्या रोवा. एक हेक्टरच्या चौकोनात ५ रेषा आणि २५ टप्पे बसतात. चालणाऱ्याने रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर पाहायचं, म्हणजे शेताचा १० टक्के नमुना हाती येतो. प्रत्येक टप्प्याला वेगळी पिशवी. शेताचं नाव, रेषा, टप्पा, तारीख आणि चालणाऱ्याचं नाव पिशवीवर लिहा आणि तेच आत चिठ्ठीवरही, कारण ओल्या हातांनी बाहेरचं अक्षर पुसलं जातं. ऊन आहे की ढग, माती ओली की कोरडी, हेही टिपा. काहींची नजर चकमकीवर पडते, काहींची खापरांवर. नाव लिहिलेलं असलं की हा फरक नंतर ओळखता येतो. टप्पा रिकामा गेला तर वहीत शून्य लिहा, जागा कोरी सोडू नका.

मोहात पडून फक्त सुंदर तुकडे उचलू नका. माणसाने फोडलेल्या चकमकीवर आघाताची सपाट जागा असते आणि तिच्या लगेच खाली गुळगुळीत फुगवटा. नांगराने फुटलेल्या दगडावर तो सहसा नसतो. रोमन सेमियन भांड्याचं खापर लालसर, तुकतुकीत असतं, तर रोमन छपराच्या सपाट कौलाच्या दोन्ही लांब कडा उभ्या उचललेल्या असतात. तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपच्या नळ्या सगळीकडे मिळतात, त्याही घ्या.

टणक खापरं साध्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. ओलीच पिशवीत बंद केली तर बुरशी येते. प्रागैतिहासिक खापरं मऊ असतात, घासली की कडा झिजतात. धातूला पाणी लावूच नका.

आता आकडे नकाशावर मांडा. मध्ययुगीन खापरं शेतभर विरळ, झिजलेली पसरली असतील तर ती बहुधा शेणखताबरोबर आलेली असतात; तिथे घर होतं असं समजू नका. वस्तीचा संशय तेव्हा घ्यावा, जेव्हा मोठे, कमी झिजलेले तुकडे कौल आणि दगडांसह दोन-चार टप्प्यांत दाट येतात.

माणसाची हाडं दिसली तर तिथेच थांबा आणि पोलिसांना कळवा. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू १९९६च्या ट्रेझर ॲक्टखाली येते. एकत्र सापडलेल्या नाण्यांचे नियम वेगळे आहेत. खजिना असावा असं लक्षात आल्यापासून १४ दिवसांत कॉरोनरला (अशा प्रकरणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. त्यासाठी काउंटीचे फाइंड्स लायझन ऑफिसर, म्हणजे सापडलेल्या वस्तू नोंदवणारे अधिकारी, मदत करतात. बाकीच्या महत्त्वाच्या वस्तूही त्यांना दाखवा. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या लोकांना सापडलेल्या वस्तूंच्या नोंदयोजनेत त्यांची नोंद होते. जागा नॅशनल ग्रिडच्या (ब्रिटनच्या नकाशांवरच्या चौकटींच्या) किमान ८ आकड्यांनी द्या, म्हणजे १० मीटरपर्यंत नेमकी. शेवटी टप्प्यांचा नकाशा, शून्यांसह पूर्ण तक्ता आणि हवामानाच्या नोंदी हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट रेकॉर्डकडे पाठवा.