मोठी फाईल डाउनलोडला देताय? आधी बफर बघा

महाप्याच्या एमआयडीसीत नवीन लागलेल्या माणसाच्या गळ्यात हे काम हमखास पडतं: क्लायंटला लॉगिननंतर बॅकअपची झिप डाउनलोड करून द्या. झिप दोन जीबीची. लॅपटॉपवर छोट्या फाईलने टेस्ट केलं की सगळं छान. सर्व्हरवर मात्र 'अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड'. म्हणजे १२८ एमबी, एका पीएचपी स्क्रिप्टला मिळणाऱ्या मेमरीची डिफॉल्ट मर्यादा.

फाईल_गेट_कंटेंट्स अख्खी फाईल मेमरीत ओढतं, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून रीडफाईल लावायचं, म्हणजे फाईल थेट ब्राउझरकडे पाठवणारं पीएचपीचं फंक्शन. मी तेच लावलं होतं, तरी एरर तोच! सीनियर म्हणाले, "मेमरी लिमिट ५१२ एमबी कर आणि मोकळी हो." असा सल्ला देणाऱ्याला चहा पाजा, पण त्याचं ऐकू नका. चार जणांनी एकदम डाउनलोड लावलं की सर्व्हर आडवा.

रीडफाईल बिचारं तुकड्यातुकड्यानेच वाचतं. स्वतःहून ते मेमरी खात नाही, मॅन्युअलमध्येही तसं स्पष्ट लिहिलंय. खाणारा असतो आउटपुट बफर, म्हणजे बाहेर पाठवायचं ते आधी मेमरीत साठवून ठेवणारी जागा. आमच्या प्रोजेक्टात कुणीतरी कधीकाळी 'हेडर्स ऑलरेडी सेंट' हा एरर दाबायला कॉन्फिगच्या फाईलमध्ये बफर चालू करणारं ओबी_स्टार्ट टाकून ठेवलं होतं. डाउनलोडच्या स्क्रिप्टमध्ये डोळे फोडून ते दिसणार कसं? ते चालू असलं की रीडफाईल जे बाहेर टाकेल ते सगळं बफरमध्ये साचत जातं. फाईल पाठवायच्या आधी ओबी_गेट_लेव्हल, म्हणजे किती बफर चालू आहेत तो आकडा, लॉगमध्ये छापा. शून्य नसेल तर बफर रिकामा करून बंद करणारं ओबी_एंड_क्लीन लूपमध्ये चालवा. एकदा चालवून भागत नाही, बफर एकात एक असतात. आणि ते फॉल्स देऊ लागलं तर लूप तोडा, नाहीतर ते फिरतच राहील. पीएचपी आउटपुट दाबून लहान करतं ते झेडलिबचं आउटपुट कॉम्प्रेशनही बंद करा.

घाबरू नका, एवढं केलं की दोन जीबीची फाईलही १२८ एमबीत आरामात जाते.

अजून एक, युजरच्या सेशनचं कुलूप सोडणारं सेशन_राइट_क्लोज आधी मारा. नाहीतर डाउनलोड संपेपर्यंत त्या युजरची बाकीची पानं अडकतात आणि फोन तुम्हाला येतो.

पीएचपीच्या समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर माझं सरळ मत: पीएचपीला फक्त परवानगी तपासू द्या आणि एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट हेडर पाठवून फाईल एनजिनएक्सच्या गळ्यात घाला. एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये त्या फाईलच्या लोकेशनला 'इंटर्नल' (बाहेरून थेट उघडू नये म्हणून) लिहायला विसरलात तर लॉगिनशिवायच फाईल उघडी पडेल. पीएचपीचा वर्कर लगेच सुटतो, आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये नेट तुटलेल्याला रिझ्यूमही, म्हणजे तुटलं तिथून पुढे डाउनलोड, मिळतं. रीडफाईलने ते हवं असेल तर रेंज हेडर (कुठून पुढचा भाग हवा ते सांगणारं) वाचून २०६ (फाईलचा फक्त तो भाग) द्यायचा कोड स्वतः लिहीत बसा.