लष्करी कॅनव्हासची सॅक पावसाळ्याआधी मेणवून घ्या

जुन्या बाजारात मिळणारी लष्करी कॅनव्हासची सॅक दणकट असते, पण सह्याद्रीतल्या पावसात पाणी पिऊन जड होते. घरातल्या साध्या पांढऱ्या मेणबत्तीने हे बरंच थांबतं.

१. सॅक कोरड्या ब्रशने झाडा, गार पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. साबण पावडर नको. तिचा अंश कापडात राहिला तर पाणी उलट लवकर मुरतं.

२. मेणबत्ती कापडावर दाबून घासा. शिवणी, तळ आणि वरच्या झाकणाच्या घडीवर दोनदा फिरवा, कारण पाणी शिरतं ते बहुतेक तिथूनच. मधमाशांचं मेण मिळालं तर थोडं मिसळा. नुसतं मेणबत्तीचं मेण घडीवर तडकतं.

३. हेअर ड्रायरची गरम हवा द्या. पांढरे चट्टे दिसेनासे झाले की मेण मुरलं.

४. रात्रभर टांगून ठेवा. रंग थोडा गडद होतो, तो तसाच राहतो.

एवढं करूनही सॅक शंभर टक्के जलरोधक होत नाही, त्यामुळे कपडे आणि स्लीपिंग बॅग आत प्लॅस्टिकच्या पिशवीतच भरा. नायलॉनच्या सॅकला हा उपाय लागू नाही.

जपायचं ते आगीला: मेण मिसळायला वितळवायचं असेल तर भांडं थेट गॅसवर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, आणि मेणवलेली सॅक कॅम्पवर शेकोटीपासून लांब ठेवा. मेणाचं कापड चटकन पेटतं.