जुन्या ५.० मस्टँगचं फ्यूएल इंजेक्शन अपग्रेड करताय? नुसते मोठे इंजेक्टर घेऊन येऊ नका

आधीच सांगतो, हे १९८९ ते ९३ च्या फोर्डच्या फॉक्स बॉडी (त्या पिढीच्या सांगाड्याचं नाव) मस्टँगबद्दल आहे, म्हणजे ५.० लिटर व्ही८ आणि मास एअर मीटर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) असलेली गाडी. ८६ ते ८८ वाली असेल तर (कॅलिफोर्नियातली ८८ सोडून) तुमच्याकडे स्पीड डेन्सिटी आहे, म्हणजे कॉम्प्युटर हवा मोजतच नाही, मॅनिफोल्डच्या प्रेशरवरून अंदाज बांधतो, त्यामुळे त्यात कॅम वगैरे बदलला की अंदाज कोलमडतो, आणि तिथे पहिलं काम मास एअरवर जायचं. "ही काय मसल कार, खऱ्या तर ६० च्या दशकातल्या" म्हणणारे काका प्रत्येक कार मीटला भेटतात, त्यांना हसून चहा विचारायचा.

माझ्याकडे ८९ ची आहे, इकडे मिशिगनमध्ये, आणि मी पहिली चूक तीच केली जी सगळे करतात. हेडर (एक्झॉस्टचे मोकळे पाइप), मोठा इनटेक (हवा आत नेणारा भाग) टाकला, मग कोणीतरी म्हणालं २४ पाउंडचे इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या नोझल, तासाला २४ पाउंड सोडणाऱ्या) टाक, टाकले, आणि गाडी आयडलला, म्हणजे उभ्या उभ्या मंद चालताना, पेट्रोलचा वास मारायला लागली. पैसे गेले ते गेले, दोन वीकेंडही गेले.

तर आधी हिशोब. मूळ इंजेक्टर १९ पाउंड प्रति तास, आठ आहेत म्हणजे १५२. इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नसतो, ८५ टक्क्यांपर्यंत ठीक. साध्या, टर्बो-सुपरचार्जर नसलेल्या इंजिनला एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण अर्धा पाउंड इंधन लागतं. १५२ गुणिले ०.८५ भागिले ०.५, म्हणजे २५८ हॉर्सपॉवर, तेही फ्लायव्हीलवर (थेट इंजिनाच्या टोकाशी), चाकावर नाही. कंपनीने ही गाडी २२५ ची म्हणून विकली (९३ ला आकडा २०५ केला), त्यामुळे स्टॉक गाडीला मोठे इंजेक्टर घालणं म्हणजे दोन माणसांच्या घरात लग्नाचं पातेलं. २४ वाले ३२६ पर्यंत, ३० वाले ४०८ पर्यंत जातात. तुमचं इंजिन कुठे बसतं ते बघा आणि मगच कार्ट भरा.

त्याहून आधी मात्र प्रेशर मोजायचं. फ्यूएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) टायरसारखा श्रेडर व्हॉल्व्ह असतो, त्याला गेज लावा, रेग्युलेटरची (इंधनाचं प्रेशर ठरवणारा भाग) व्हॅक्यूमची नळी काढून नळीचं तोंड बंद करा आणि गाडी चालू करा, ३९ पीएसआयच्या आसपास दिसायला हवं. नळी परत लावली की आयडलला ते कमी होऊन तीसच्या आसपास येतं. काढलेल्या नळीत पेट्रोल ओलं दिसलं तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, बाकी सगळं सोडा आणि तो आधी बदला. आणि प्रेशर वाढवून काम भागवू म्हणणाऱ्यांसाठी, फ्लो प्रेशरच्या वर्गमुळाने वाढतो, ३९ चं ४५ केलंत तरी १९ चे जेमतेम २०.४ होतात, फुकटची गंमत आहे.

गेज लावूनच एकदा रस्त्यावर जोरात चालवा, बघायला शेजारी कोणाला तरी बसवा (माझी बायको एकदाच बसली). ॲक्सिलरेटर दाबल्यावर प्रेशर खाली यायला लागलं तर पंप किंवा फिल्टर. मूळ पंप ८८ लिटर प्रति तासाचा, पस्तीस वर्षांचा, तो गेलेलाच धरा. १९० चा पंप ३०० - ३५० हॉर्सपॉवरला भरपूर होतो. लोक सरळ २५५ चा टाकतात, पण मूळ रेग्युलेटर आणि बारीक रिटर्न लाइनला (जास्तीचं पेट्रोल टाकीत नेणारी नळी) इतकं पेट्रोल परत पाठवणं कधीकधी झेपत नाही, मग आयडलला प्रेशर चढलेलं राहतं. पंपाचं व्होल्टेजही मोजा, गाडी चालू असताना पंपाच्या प्लगपाशी १३ च्या वर पाहिजे, ११ मिळत असेल तर नवा पंपही रडेल, वायर आणि रिले सुधारा.

पंप टाकीच्या आत असतो आणि टाकी खाली उतरवावी लागते. १५.४ गॅलनची टाकी आहे, भरलेली असेल तर एकट्याने हात लावू नका, आधी गाडी फिरवून रिकामी करत आणा. इकडे रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजून जाम असतात, आदल्या दिवशीच पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. आणि एक गोष्ट गंभीरपणे, गॅरेजमध्ये गॅसचा वॉटर हीटर असेल तर त्याचा पायलट बंद करा, दार उघडं ठेवा, अग्निशामक हाताशी ठेवा. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत सरकत ज्योतीपर्यंत जाते.

आता इंजेक्टर. मागे डिकीत इनर्शिया स्विच (धडक बसली की पंप बंद करणारा) असतो, गाडी चालू ठेवून त्याचा प्लग काढा, गाडी आपोआप बंद पडेल, दोन-तीनदा स्टार्टर मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरी श्रेडर व्हॉल्व्ह फडकं धरूनच दाबा, थोडं उरतंच. वरचा इनटेक काढावा लागतो, ५.० लिहिलेल्या पट्टीखालीही बोल्ट लपलेले असतात, ते विसरून पहारीने उचकटणारे लोक मी पाहिलेत. थ्रॉटलची केबल, टीपीएस (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर), आयडल व्हॉल्व्ह, ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा भाग), व्हॅक्यूमच्या नळ्या, प्रत्येकाला मास्किंग टेप लावून नंबर टाका आणि फोनवर फोटो काढा, "लक्षात राहील" असं काही नसतं. इनटेक उचलल्या उचलल्या खालची भोकं स्वच्छ फडक्याने बुजवा, एक नट आत पडला की हेड काढायची वेळ येते.

इंधनाच्या नळ्यांना स्प्रिंग लॉकचे जोड आहेत, त्याचं साधं रिंगसारखं टूल मिळतं, पकडीने ओढाल तर जोड वाकेल. रेलचे बोल्ट काढले की रेल हलवत हलवत सरळ वर. नवे इंजेक्टर हाय इम्पीडन्सचेच घ्या, मल्टिमीटरवर १२ ते १६ ओहम, कमी ओहमवाले जुन्या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर जाळतात. प्लगही बघा, नव्या पद्धतीचे असतील तर ॲडॅप्टर लागतील. ओ रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा, कोरडी घुसवली की फाटते आणि मग गळते.

वरचा इनटेक बसवायच्या आधीच, बॅटरी आणि इनर्शिया स्विचचा प्लग परत लावून, नुसती चावी तीन-चारदा ऑन करा, पंप दोन सेकंद चालून थांबतो, तेवढ्यात रेलवर टॉर्च मारून प्रत्येक जोड बघा. मी हे नंतर केलं होतं, म्हणून सगळं दोनदा खोललं.

आता मुख्य गोष्ट. कॉम्प्युटरला अजूनही इंजेक्टर १९ चेच वाटतात. बाजारात "२४ साठी कॅलिब्रेट केलेले" मास एअर मीटर मिळतात, ते काय करतात तर हवा ७९ टक्केच आहे असं खोटं सांगतात, म्हणून पेट्रोल बरोबर पडतं. पण हवा कमी म्हणजे लोड कमी असं समजून कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग पुढे नेतो, आणि भर लोडवर ठोका (इंजिनात अवेळी स्फोट) येऊ शकतो. चालतात गाड्या त्यावर, नाही म्हणत नाही, पण माझं मत सरळ आहे, कॉम्प्युटरच्या मागच्या सर्व्हिस पोर्टवर चिप लावून नीट ट्यून करून घ्या, मीटरचा खरा कर्व्ह आणि इंजेक्टरचा खरा आकडा त्यात लिहा. मीटरवर वाचवलेले पैसे पिस्टनवर जातात.

टीपीएस ०.९९ व्होल्टवरच पाहिजे म्हणून लोक तास घालवतात, गरज नाही, एक व्होल्टच्या थोडं आत असलं की कॉम्प्युटर सगळ्यात कमी आकड्यालाच आयडल मानतो. बेस टायमिंग मात्र स्पाउटचा प्लग (कॉम्प्युटरचा स्पार्क टायमिंगचा सिग्नल नेणारा छोटा जोड) काढून १० डिग्रीला बघा, आणि तो प्लग परत लावा.

वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टवरून हवा आणि पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) लावलात तर पूर्ण थ्रॉटलला १२.५ ते १२.८ दिसू द्या. इकडच्या पंपावर बहुतेक १० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल असतं, पण गेज पेट्रोलच्या स्केलवर असेल तर आकडे तेच वाचायचे. कॉम्प्युटरचे बिघाडाचे कोड काढलेत आणि ४१ आणि ९१ आले तर दोन्ही बाजू लीन (पेट्रोल कमी), म्हणजे आधी व्हॅक्यूम गळती आणि प्रेशर, सेन्सर शेवटी. ४२ आणि ९२ आले तर दोन्ही बाजू रिच (पेट्रोल जास्त), तेव्हा ट्यूनमधला इंजेक्टरचा आकडा परत बघा. जुने १९ चे आठही इंजेक्टर झिपलॉकमध्ये घालून ठेवा, गाडी विकताना पहिला प्रश्न तोच येतो.