जुन्या कागदातला ‘चाचा’ कसा पारखावा

ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदात कुणाला चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, म्हटलेलं दिसलं की लगेच लेख लिहायला बसू नका. आधी तारीख लावून घ्या. इंग्लंडमध्ये 1752 पर्यंत जुनी कालगणना होती आणि तिथलं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. विल्यम किड या कप्तानाने ‘केदाह मर्चंट’ जहाज धरलं ते 30 जानेवारीला. जुन्या हिशेबाने ते साल 1697, आपल्या हिशेबाने 1698. पोर्तुगीज मात्र 1582 पासूनच नव्या गणनेवर होते. त्यामुळे 1721 च्या डिसेंबरात अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून केलेला हल्ला दोघांच्या कागदांत अकरा दिवसांच्या फरकाने येतो. हे विसरलात तर एकाच लढाईच्या दोन लढाया होतील.

मग माणूस ओळखा. इंग्रजी कागदात मराठी आरमाराचे आंग्रे सगळेच ‘अँग्रिया’. 1712 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरची नौका पकडणारे कान्होजी. 1735 मध्ये ‘डर्बी’ पकडणारे त्यांचे पुत्र संभाजी. 1756 मध्ये विजयदुर्ग गमावणारे तुळाजी. कान्होजी 1729 मध्येच वारले होते. साल न बघता नाव लावणं ही इथली सर्रास चूक.

आता खरा मुद्दा, परवाना. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नसलेलं जहाज धरत, त्याला ते अधिकार म्हणत. आंग्रे दस्तक मागत, त्याला इंग्रज चाचेगिरी म्हणत! तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या लिहून काढा: जहाज कुणाचं, माल कुणाचा, परवाना कुणाचा. किडचंच घ्या. माल आर्मेनियन व्यापाऱ्यांचा, कप्तान इंग्रज, परवाना फ्रेंच. आणि किडला फ्रेंच जहाजं धरायची सनद होती. चाचेगिरीच्या खटल्यात ते फ्रेंच परवाने पुढे आलेच नाहीत. 23 मे 1701 रोजी तो फासावर गेला आणि परवाने लंडनच्या दफ्तरात विसाव्या शतकात सापडले. अर्थात त्याच्यावर खुनाचाही गुन्हा शाबीत झाला होता, म्हणून त्याला एकदम निर्दोष ठरवू नका.

शेवटी लूट कुठे गेली ते बघा. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने 1695 मध्ये औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ लुटलं. वाटणी खलाशांत झाली, वर जाब विचारणारा धनी कुणी नाही. भोगलं सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांनी, कैदेत जाऊन. कान्होजी मात्र सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने शाहूंशी तह केलेले, किल्ले आणि मुलूख सांभाळणारे.

लढाईचं वर्णन वाचताना वारा पडला होता का, तेही टिपा. चाळीस-पन्नास वल्ह्यांचं गलबत तेव्हाही चालतं, शिडांवरचं मोठं जहाज जागीच अडकतं. ‘भ्याडपणे मागून आले’ अशी तक्रार दिसली तर चिडू नका. जहाजाच्या पिछाडीला तोफा कमी असतात.

शीर्षकात ‘चाचा’ घालायचाच असेल तर कुणाच्या कागदात, ते शेजारीच लिहा. एव्हरीसाठी तेवढीही तसदी नको.