पेलेलिऊच्या डोंगरावर जाण्याआधी

बूट. बंद, जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट. पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशातल्या पेलेलिऊ बेटावर जाणार असाल तर पासपोर्टच्या खालोखाल हे बॅगेत टाका. मागच्या वेळी मी नुसत्या फ्लोटर्सवर गेले. कोरोर या पलाऊच्या मोठ्या शहरातून बोटीने जायचं, पाय भिजणारच, एवढाच विचार केला होता. पण उमुरब्रोगोल, म्हणजे अमेरिकन सैनिकांचा ब्लडी नोज रिज, हा मातीचा डोंगर नाही. समुद्रातून वर आलेल्या प्रवाळाचा चुनखडक आहे तो, करवतीसारख्या धारांचा. दुसऱ्या महायुद्धात, १५ सप्टेंबर १९४४ला, मरीन्स म्हणजे अमेरिकेचे किनाऱ्यावर उतरून लढणारे सैनिक हे बेट जपान्यांकडून घ्यायला इथे उतरले तेव्हा त्यांना आडोशाला खड्डासुद्धा खणता येईना, आणि गोळा फुटला की दगडाच्या कपच्याही अंगात घुसत.

फ्लोटर्समधला पाय टोचायला लागला की मऊ जागा शोधतो. वाट सोडून पाचोळ्यावर उतरतो. इथे नेमकं तेच करायचं नाही! जंगलात न फुटलेले गोळे आणि हातबॉम्ब अजून आहेत. स्फोटकं काढणाऱ्या पथकांनी वर्षानुवर्षं काम केलंय, तरी वाटेबाहेरची हमी कोणी देत नाही. मला वाटाड्याने ओरडून मागे बोलावलं, आणि तो वरपर्यंत रागावलेला होता. बरोबरच होतं त्याचं. तेव्हा बोटीसाठी फ्लोटर्स आणि डोंगरासाठी बूट, वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडे. सोबत जाड मोजे.

टोपी, पाणी सांगायला नको. पाणी मात्र वाटतं त्याच्या दुप्पट घ्या. लढाईत पारा ४६ अंशांवर गेला होता आणि तेलाच्या नीट न धुतलेल्या पिंपांतून आलेलं पाणी पिऊन सैनिक आजारी पडले होते. सनस्क्रीन घेताना लेबल वाचा. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेलं क्रीम पलाऊत २०२०पासून चालत नाही, जप्त होतं. डॉलर सुट्टे ठेवा. पेलेलिऊचा परवाना लागतो, तो वाटाड्याबरोबर आधीच ठरवा. वाटाड्याशिवाय जाऊच नका.

थोडं वाचूनही जा, नाहीतर नुसती हिरवी झाडी दिसेल. मरीन्सचे सेनापती जनरल रुपर्टसना वाटलं होतं, तीन-चार दिवसांत आटपेल. लढाई २७ नोव्हेंबरपर्यंत चालली. जपानी सेनापती कर्नल कुनिओ नाकागावांनी किनाऱ्यावर माणसं संपवली नाहीत, त्यांना डोंगरातल्या शेकडो गुहांत बसवलं. सुमारे ११ हजार जपान्यांपैकी जवळजवळ सगळे मेले. ३४ जण तर एप्रिल १९४७पर्यंत लपून राहिले. बऱ्याच गुहांची तोंडं अमेरिकनांनी स्फोटाने बुजवली, आत माणसं असताना. अस्थी शोधायला जपानहून अजून लोक येतात. म्हणून वाटाड्या म्हणेल त्याच गुहेत, तो म्हणेल तिथपर्यंतच जा. टॉर्च डोक्याला बांधायचा घ्या, हात मोकळे हवेत.

काहीही उचलू नका. काडतूस नाही, बाटलीचा तुकडा नाही, बटण नाही. कायद्याने गुन्हा आहे, आणि ते कोणाच्या तरी अंगावरचं असू शकतं.

वर अमेरिकन सैनिकांचं स्मारक आहे, डोंगरापाशी जपानी शिंतो देऊळही. दोन्हीकडे थांबा. कोणी आपल्या माणसासाठी आलं असेल तर कॅमेरा खाली. बाकी रणगाडा, जपानी मुख्यालयाची इमारत, मरीन्स उतरले तो ऑरेंज बीच वाटाड्या दाखवतोच. संग्रहालय आधी उरकलं तर बरं.

परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा. कापलं-खरचटलं तर लगेच धुऊन औषध लावा. आणि बूट बोटीत नव्हे, डोंगराच्या पायथ्याशी घाला.